सिंगापूरहून आलेल्या पुड्या घ्याव्यात का?

पत्र : मी ४६ वर्षांची, ठाण्यात राहते. चार वर्षांपासून आयबीएसचा (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कामात बिघाड) त्रास आहे. सकाळी चार-पाच वेळा जावं लागतं. आधी बेंबीखाली कळ येते, जाऊन आलं की थांबते. कोलोनोस्कोपी, सीलिअॅकची रक्ततपासणी, थायरॉइड, सगळं नॉर्मल आहे. कळ कमी करणारं मेबेव्हरिन चालू आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनची एकत्र गोळी घेते. मुलगी सिंगापूरला असते. तिने तिथल्या चिनी वैद्यांना माझी लक्षणं सांगून दोन महिन्यांच्या पुड्या आणल्या आहेत. त्यावर बायजू, बायशाओ, छेनपी, फांगफंग, मूशियांग, गानत्साओ आणि हुआंगलियान अशी सात नावं आहेत. गानत्साओपुढे 'रोज ६ ग्रॅम' असं लिहिलंय. सोबतच्या पत्रकात ९४ टक्के रुग्णांना गुण आल्याचा दावा आहे. ७४ वर्षांच्या सासूबाईंना बद्धकोष्ठ आहे, त्यांच्यासाठी 'मा झ रेन वान' नावाच्या गोळ्या आल्यात. नणंदेच्या मुलाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण होणं) आहे. तो तीन महिन्यांपासून ऑनलाइन मागवलेली चिनी निळी पूड घेतोय आणि त्याला खूपच बरं वाटतंय. या सगळ्याला संशोधनाचा काही आधार आहे का? आणि सुयांचे उपचार (ॲक्युपंक्चर) घेतले तर?

उत्तर :

ताई, पत्रात भाच्याचा उल्लेख शेवटी आलाय, पण उत्तर त्याच्यापासूनच सुरू करायला हवं, कारण तिथे वाट बघत बसून चालणार नाही.

ती निळी पूड म्हणजे छिंगदाय. निळीच्या झाडांच्या पानांपासून करतात. तिने आतड्याची सूज उतरते, हे खरं आहे. जपानमध्ये ८६ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. रोज अर्धा, एक किंवा दोन ग्रॅम पूड आठ आठवडे दिली, एका गटाला बिनऔषधाच्या कॅप्सूल दिल्या. बिनऔषधाच्या गटात १३.६ टक्के रुग्णांना उतार पडला, औषधाच्या तीन गटांत अनुक्रमे ६९.६, ७५ आणि ८१ टक्के. असे आकडे या आजारात सहज दिसत नाहीत, त्यामुळे तुमच्या भाच्याला बरं वाटतंय यात नवल नाही.

पण ती चाचणी ठरलेल्या मुदतीआधीच थांबवावी लागली. चाचणीबाहेर, स्वतःच्या मनाने छिंगदाय घेणाऱ्या रुग्णांमध्ये फुप्फुसाच्या रोहिणीतला दाब वाढल्याचं आढळलं आणि २०१६ च्या अखेरीस जपानच्या आरोग्य मंत्रालयाने इशारा दिला. हा दाब वाढला की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि सुरुवातीला फक्त जिना चढताना दम लागतो. तरुण मुलगा 'वजन वाढलंय' म्हणून ते सोडून देतो. यकृताच्या तपासण्या बिघडणं आणि आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकणं, हेही नोंदलं गेलंय.

म्हणून त्याने पूड आज बंद करावी. मेसालामिन किंवा डॉक्टरांनी दिलेलं दुसरं काहीही बंद करू नये. याच आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांना भेटून पूड कधीपासून आणि रोज किती घेतली ते स्पष्ट सांगावं. टूडी एको करताना उजव्या बाजूच्या दाबाचा अंदाज मुद्दाम मागावा, सोबत यकृताची रक्ततपासणी करावी. पूड थांबली की आजार पुन्हा उसळू शकतो, आणि नेमकं याच भीतीने मुलं लपवून पूड चालू ठेवतात. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर उसळी येण्याआधी पर्यायी औषधाची तयारी करता येते. दुसरंही एक कारण आहे : गेल्या तीन महिन्यांतले चांगले रिपोर्ट पुडीमुळे आलेले असू शकतात. ते बघून डॉक्टरांनी मूळ औषध कमी केलं, तर घोटाळा होईल. पोटात अचानक मुरडा येऊन उलट्या सुरू झाल्या किंवा श्वास लागला, तर थेट इस्पितळ गाठायचं.

आता तुमच्या पुड्या. यादीतली एक गोष्ट मला लगेच खटकली : गानत्साओ, म्हणजे आपला ज्येष्ठमध. खोकल्याला चिमूटभर चघळतो तेव्हा काही बिघडत नाही. पण ज्येष्ठमधाच्या मुळात ग्लायसिरायझिन साधारण दोन टक्के किंवा जास्त असतं. ६ ग्रॅम मुळात ते १२० मिलिग्रॅम झालं, आणि रोज १०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असा सर्वसाधारण सल्ला आहे. ग्लायसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब चढतो आणि लघवीवाटे पोटॅशियम जातं. तुमच्या गोळीतलं क्लोरथॅलिडोनही पोटॅशियम घालवतं, आणि जुलाबातून जातं ते वेगळंच. तीन वाटा एकाच वेळी उघडल्या तर पायात गोळे येणं, स्नायूंत अशक्तपणा, छातीत धडधड आणि क्वचित हृदयाची लय बिघडणं, इथवर मजल जाते. या सात औषधांची पुडी आहे तशी तुम्ही घेऊ नये. मुलीला सांगून वैद्यांकडून ज्येष्ठमध वगळून पुड्या बांधून घ्या. चिनी वैद्यकात ज्येष्ठमध बहुतेक वेळा इतर औषधांचा मेळ साधायला घालतात, त्यामुळे वैद्यांना तो काढायला अडचण पडू नये.

मूशियांगबद्दलही विचारून घ्यायला हवं. खरं मूशियांग म्हणजे आपल्याकडचं कोष्ठ, ज्याला उपळेटही म्हणतात. ती मुळात हिमालयातली वनस्पती, आता युन्नानमध्ये तिची लागवड होते. पण 'छिंग मूशियांग' नावाचं दुसरंच मूळ आहे, ते अॅरिस्टोलोकिया कुळातलं. त्यातल्या अॅरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडं निकामी होतात आणि मूत्रमार्गाचा कर्करोग होतो. नावाच्या अशाच सारखेपणातून १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका मुळाऐवजी दुसरं गेलं आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं गेली. चीनने २००४ मध्ये छिंग मूशियांगवर बंदी घातली. सिंगापूरमध्ये चिनी वैद्यांची सरकारदरबारी नोंदणी होते, त्यामुळे तिथल्या नोंदणीकृत दवाखान्यातून आलेल्या मालात ही गफलत होण्याचा संभव कमी. तरी लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव सॉस्युरिया किंवा ऑक्लँडिया असं हवं. नुसतं चिनी नाव पुरेसं नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, संशोधनाचा. तुमच्या यादीतली पहिली चार नावं म्हणजे 'थोंगशिए याओफांग' हा जुना योग. बायजू, बायशाओ, छेनपी आणि फांगफंग हे ३ : २ : १.५ : १ या प्रमाणात. आधी कळ, मग जुलाब, मग आराम, या लक्षणसमूहासाठीच तो सांगितलेला आहे. तुमचं वर्णन त्यात तंतोतंत बसतं, म्हणून वैद्यांनी तो निवडला. छेनपी म्हणजे वाळवलेली संत्र्याची साल. बाकीची तीन मुळं किंवा कंद आहेत.

आयबीएसवरच्या चिनी औषधांची पहिली नाव घेण्याजोगी चाचणी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून आली. ११६ रुग्ण, तीन गट. एका गटाला प्रत्येकाची प्रकृती बघून स्वतंत्र औषध, दुसऱ्याला सगळ्यांना सारखं २० वनस्पतींचं मिश्रण, तिसऱ्याला बिनऔषधाच्या कॅप्सूल. दिवसातून तीनदा पाच-पाच कॅप्सूल, १६ आठवडे. तुमच्या पुडीतली सातही नावं त्या वीसांत आहेत. सारख्या मिश्रणाच्या गटात ७६ टक्के, स्वतंत्र औषधाच्या गटात ६४ टक्के आणि बिनऔषधाच्या गटात ३३ टक्के रुग्णांनी सुधारणा सांगितली. उपचार थांबल्यानंतर १४ आठवड्यांनी मात्र फक्त स्वतंत्र औषधाच्या गटाचा गुण टिकून होता.

इतकंच वाचलं तर पुडी उघडावीशी वाटेल. पण २००६ मध्ये हाँगकाँगमध्ये खास जुलाबप्रधान आयबीएसच्या, म्हणजे तुमच्यासारख्याच, ११९ रुग्णांवर याच थोंगशिए याओफांगमध्ये भर घालून केलेलं ११ वनस्पतींचं औषध आठ आठवडे तपासलं गेलं. औषधाच्या गटात ३५ टक्के रुग्णांना बरं वाटलं, बिनऔषधाच्या गटात ४४.१ टक्के. फरक सांख्यिकीच्या दृष्टीने नगण्य, पण औषध सरस ठरलं नाही हे निश्चित. त्याच वर्षी कॉक्रेन या, झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने आयबीएसवरच्या वनौषधींच्या ७५ चाचण्या तपासल्या. त्यातल्या जेमतेम तीन चांगल्या दर्जाच्या निघाल्या.

तुमच्या पत्रकातले ९४ टक्के कुठून येतात, तेही इथेच कळतं. चीनमधल्या बऱ्याच चाचण्यांत 'एकूण परिणामकारकता' असा आकडा देतात. त्यात पूर्ण बरे, बरेच बरे आणि थोडेफार बरे अशा तिघांची बेरीज असते. तुलना बहुधा दुसऱ्या गोळीशी असते, बिनऔषधाच्या कॅप्सूलशी नसते, आणि आपण काय घेतोय हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही ठाऊक असतं. आयबीएस स्वतःहून चढतो-उतरतो. लोक उपचाराला येतात ते त्रास शिगेला असताना, त्यामुळे पुढच्या महिन्यात थोडंफार बरं जवळपास सगळ्यांनाच वाटतं. म्हणून अशा पत्रकात एकच गोष्ट शोधावी : बिनऔषधाच्या गटाचा आकडा दिलाय का? नसेल, तर ९४ चा अर्थ लावता येत नाही.

हुआंगलियानबद्दल थोडं. त्यातलं बर्बेरिन आपल्या दारुहळदीतही असतं. जुलाबप्रधान आयबीएसमध्ये शुद्ध बर्बेरिन ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठ आठवडे, अशी एक चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात कळा आणि जुलाब दोन्ही कमी झाले. एका चाचणीवर मी फार भिस्त ठेवणार नाही, तरी पुडीतलं सर्वांत आशादायक द्रव्य हेच. ते गर्भवतींनी, अंगावर पाजणाऱ्या आयांनी आणि जी-६-पीडी (तांबड्या पेशींतलं एक विकर) कमतरता असलेल्यांनी घेऊ नये. नवजात बाळाची कावीळ वाढण्याच्या भीतीने सिंगापूरने १९७८ पासून कित्येक वर्षं त्यावर बंदी ठेवली होती. घरात कुणी सायक्लोस्पोरिन (अवयव प्रत्यारोपणानंतर देतात ते औषध) घेत असेल, तर त्याने बर्बेरिनला हात लावू नये, रक्तातलं सायक्लोस्पोरिन वाढतं.

माझं मत विचाराल तर तुमच्या तक्रारीसाठी आधार कच्चा आहे. त्याआधी इसबगोल नेटाने घेऊन पाहिलंत का, हे पत्रात नाही. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये २७५ आयबीएस रुग्णांवर चाचणी झाली. रोज १० ग्रॅम इसबगोल घेणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांना पहिल्या महिन्यात आराम पडला, नुसतं तांदळाचं पीठ घेणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांना. गव्हाच्या कोंड्याने मात्र अनेकांचा त्रास वाढला. इसबगोल फक्त बद्धकोष्ठासाठी, हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे. ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे पातळ शौचही बांधून येते. अर्ध्या चमच्याने सुरू करून दोन आठवड्यांत दोन चमच्यांपर्यंत जा, प्रत्येक वेळी मोठा पेला पाणी. एकदम पूर्ण मात्रा घेतली की पोट फुगतं आणि माणूस तिसऱ्या दिवशी डबा बाजूला ठेवतो.

त्यानंतरही पुड्या घेऊन बघायच्याच असतील, तर अशा घ्या. ज्येष्ठमध वगळलेल्या नव्या पुड्या आल्यावर दोन आठवडे काहीही नवं सुरू न करता वही ठेवा. रोज तीन नोंदी : कितीदा गेलात, शौचाचा प्रकार 'ब्रिस्टल' तक्त्यातल्या १ ते ७ पैकी कोणता (१ म्हणजे कडक खडे, ६ आणि ७ म्हणजे पातळ), आणि दिवसातली सर्वांत जास्त कळ शून्य ते दहांत किती. औषधांच्या चाचण्यांत वापरतात तोच निकष तुम्ही लावा : कळेचा आकडा किमान ३० टक्क्यांनी उतरायला हवा आणि पातळ शौचाचे दिवस निम्मे व्हायला हवेत. आठ आठवड्यांत हे झालं नाही तर थांबायचं. 'अजून महिनाभर घेऊन बघू' असं म्हणायचं नाही. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि यकृताची तपासणी करून घ्या. यकृताची पुन्हा चौथ्या आठवड्यात. यकृताच्या तपासणीतलं एएलटी नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेलं, लघवी गडद पिवळी झाली किंवा अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी पुडी बंद. पूड कोमट पाण्यात विरघळवून जेवणानंतर तासाभराने घ्या आणि इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. मेबेव्हरिन या काळात तसंच चालू ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कळणार नाही. शौचातून रक्त, विनाकारण वजन उतरणं, हिमोग्लोबिन घटणं किंवा कळेने रात्री झोपमोड होणं, यातलं काही झालं तर आयबीएस हे निदानच पुन्हा तपासायला हवं, पुड्या चालू असोत वा नसोत.

सासूबाईंची गोष्ट वेगळी आहे, कारण बद्धकोष्ठावरचं संशोधन बऱ्यापैकी भक्कम आहे. मा झ रेन वान हा सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा योग. त्यात भांगेचं बी, जर्दाळूच्या बियांतला गर, बायशाओ, कच्चं कडू संत्रं, मॅग्नोलियाची साल आणि रेवंदचिनी. भांगेच्या बियांनी नशा होत नाही, ती काळजी नको. हाँगकाँगमध्ये आधी मात्रा ठरवण्यासाठी २.५, ५ आणि ७.५ ग्रॅम दिवसातून दोनदा अशी तुलना केली, मग ७.५ ग्रॅमची १२० रुग्णांवर चाचणी झाली, २०११ मध्ये. पुढे २९१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये छापली गेली. त्यात एका गटाला हे औषध, दुसऱ्याला सोनामुखी, तिसऱ्याला बिनऔषधाचं. उपचार चालू असताना अनुक्रमे ६८, ५७.७ आणि ३३ टक्के रुग्णांना गुण आला. औषध बंद केल्यानंतरच्या काळात ४७.४, २०.६ आणि १७.५ टक्के. चालू असताना सोनामुखीपेक्षा फार मोठी सरशी नाही, कारण रेवंदचिनीतली रेचक द्रव्यं सोनामुखीच्याच जातीची आहेत. फरक दिसतो तो बंद केल्यावर, आणि तोच मला महत्त्वाचा वाटतो.

पण हे अभ्यास चिनी वैद्यक ज्याला 'अतिरेकी' प्रकार म्हणतं त्या रुग्णांवर झाले : घट्ट, कोरडी शौच, पोट ताठ, अंगात ताकद असलेली माणसं. ७४ वर्षांच्या, कदाचित अशक्त आणि कमी जेवणाऱ्या बाईंना ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यांना आधी इसबगोल किंवा मॅक्रोगोल (शौच मऊ करणारी पूड) द्यावं, पाणी आणि चालणं वाढवावं, आणि चालू गोळ्यांपैकी लोह, कॅल्शियम, अॅम्लोडिपिन किंवा झोपेच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतंय का ते बघावं. बद्धकोष्ठ गेल्या काही महिन्यांतच सुरू झालं असेल, तर या वयात आतड्याची तपासणी आधी. या गोळ्या द्यायच्याच ठरल्या तर डॉक्टरांना दाखवून, आठ आठवड्यांहून अधिक नाही. आणि बद्धकोष्ठासाठी 'हे शोऊ वू' नावाचं चिनी मूळ असलेलं काही कुणी दिलं, तर ते घेऊ नये. केस काळे करण्यासाठीही ते विकतात. त्याने यकृताला इजा झाल्याच्या भरपूर नोंदी आहेत.

आता सुया. आयबीएससाठी कॉक्रेनने २०१२ मध्ये १७ चाचण्या, १,८०६ रुग्ण, एकत्र पाहिले. खऱ्या सुया खोट्या सुयांपेक्षा, म्हणजे सुया टोचल्याच्या नुसत्या देखाव्यापेक्षा, सरस ठरल्या नाहीत. त्याआधी २००८ मध्ये अमेरिकेतल्या २६२ आयबीएस रुग्णांवर झालेली चाचणी मला फार बोलकी वाटते. नुसत्या प्रतीक्षा यादीवर ठेवलेल्यांपैकी २८ टक्क्यांना तीन आठवड्यांत पुरेसा आराम पडला, खोट्या सुया लावलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना, आणि खोट्या सुयांसोबत आस्थेने, वेळ देऊन विचारपूस केलेल्यांपैकी ६२ टक्क्यांना. तुमच्यासाठी सुयांवर पैसे घालवण्यापेक्षा तुमचं ऐकून घेणारा डॉक्टर शोधावा, असं मी त्यावरून म्हणेन. जेवणानंतर पोट भरल्यासारखं वाटणं आणि दोन घासांत तृप्त होणं ही तक्रार असती, तर उत्तर वेगळं असतं : २०२० मधल्या २७८ रुग्णांच्या चाचणीत चार आठवड्यांत १२ वेळा सुया घेतल्यावर ८३ टक्के रुग्णांना सुधारणा वाटली, खोट्या सुयांनी ५१.६ टक्के.

सुयांचा सर्वांत मोठा पुरावा जुन्या, तीव्र बद्धकोष्ठाचा आहे, म्हणजे सासूबाईंच्या बाजूचा. चीनमधल्या १५ रुग्णालयांत १,०७५ रुग्ण. पोटावर आणि पायावर सुया, त्यांना हलका विद्युतप्रवाह, दर वेळी अर्धा तास. पहिले दोन आठवडे आठवड्यातून पाचदा, पुढचे सहा आठवडे तीनदा, एकूण २८ वेळा. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा पोट मोकळेपणाने साफ होणाऱ्यांचं प्रमाण ३१.३ टक्के, खोट्या सुयांच्या गटात १२.१. उपचार संपल्यावरही १२ आठवडे हा फरक टिकला. म्हणजे खोट्या सुयांच्या तुलनेत साधारण पाचांतल्या एकाला जास्तीचा फायदा, आणि त्यासाठी दोन महिन्यांत २८ फेऱ्या. आठवड्यातून एकदा जाऊन हाच गुण येईल, असं या चाचणीवरून कुणी सांगू शकत नाही. सासूबाईंना रिक्षा-लोकलची दगदग झेपणार असेल आणि इसबगोल-मॅक्रोगोलने भागत नसेल, तरच हा विचार करा. उपचार करणाऱ्याची महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, आणि वापरलेली सुई पुन्हा ठेवून देत असतील तर उठून या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. हृदयात पेसमेकर असेल तर विजेच्या सुया घ्यायच्याच नाहीत.